सरसाचाही हिशेब

चि. चिऊस,
अनेक आशीर्वाद.

गौरी-विसर्जनाच्या रात्री तू न जेवताच बस धरलीस, त्याला आज नऊ दिवस झाले. तुझ्या धंद्यात त्या मोठ्या कंपनीशी भावात भिडू नकोस म्हटलं, तर "आई, हे युद्ध आहे, तुला नाही कळायचं," म्हणालीस. पैशांचं काही विचारायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसलेय.

तुझं त्या जुन्या चिनी सेनापतीचं, सन त्झूचं युद्धावरचं पुस्तक फडताळात राहिलं. तेराही प्रकरणं वाचली. पहिल्यात 'युद्ध म्हणजे फसवणूक' याखाली तू पेन्सिलीच्या दोन रेघा मारल्यास, दुसरं मात्र कोरं. मला तेच आपल्या दुकानाच्या वहीसारखं वाटलं. हजार रथ, एक लाख सैनिक, पाहुण्यांचा खर्च, अगदी चिकटवायचा सरस आणि रोगणसुद्धा! एवढा मोठा सेनापती सरसाचाही खर्च धरतो, आणि म्हणतो, लांबलेल्या युद्धाने कुठल्याच राज्याचं भलं झालेलं नाही. तुझ्याकडचे पैसे किती महिने पुरतील गं?

बघ, विचारलंच.

समोरच्याने साखर आठ आण्यांनी उतरवली तेव्हा बाबांनी बारा आण्यांनी उतरवली. श्रावणापासून दिवाळीपर्यंत. गिऱ्हाईक दारात मावत नव्हतं आणि मी रोज रात्री पोत्यामागचा तोटा लाल शाईने लिहीत होते. तू तिसरीत होतीस. पाटल्या कुठे गेल्या विचारलंस, तर दुरुस्तीला टाकल्यात म्हटलं. ते खोटं होतं.

चीनमधल्या भाड्याच्या सायकलींचंच घे. दोन कंपन्या: ओफोच्या पिवळ्या, मोबाइकच्या केशरी. एकमेकांवर मात करायला जवळजवळ फुकट फिरवल्या. २०१८च्या एप्रिलमध्ये मोबाइक मेइतुआन नावाच्या दुसऱ्या कंपनीला विकली गेली, आणि त्याच डिसेंबरात बीजिंगच्या थंडीत ओफोच्या दारात लोक ९९ नि १९९ युआनची अनामत परत मागत रांगेत उभे होते. सन त्झू त्यांच्याच मातीतला ना?

फारच शिकवायला लागले, रागावू नकोस. बावीस माणसांचे पगार तू एक तारखेला करतेस, हे माईआत्याला मी दोनदा सांगितलं. पण घरपोच फुकट चाललंय ते कुणाच्या पैशांवर, या विचाराने झोप येत नाही.

तिसऱ्या प्रकरणात तटबंदीला वेढा घालणं सगळ्यात वाईट म्हटलंय. धीर सुटलेला सेनापती माणसांना मुंग्यांसारखं भिंतीवर चढवतो; तिसरा हिस्सा मरतो, शहर तसंच राहतं. त्या मोठ्या कंपनीशी भावात भिडणं मला तसंच वाटतं. सहाव्यात म्हटलंय, पाणी उंचवटा सोडून उताराला धावतं. कोथरूडच्या ज्या आजी-आजोबांना तुझी पोरं नावाने ओळखतात, पिशवी ओट्यापर्यंत नेऊन देतात, ते दहा रुपये जास्तही आनंदाने देतील. तिथे जा ना.

शेजारच्या पक्याबरोबर बेसनलाडू पाठवलेत. डब्याखाली त्या साखरेच्या दिवसांची माझी वही आहे. बाबांना सांगू नकोस, त्यांना अजून सहन होत नाही. माझ्याशी बोलायचं नसेल तर नको बोलूस. नुसता आकडा पाठव, किती महिने.

तुझी,
आई