काका, माझं रीडिंग तुम्ही परत मोजलं नाहीत

ती. काकांना,
सा. न. वि. वि.

नाव लिहायचं नाही असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं काका लिहिते. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीत काम करणारे तुम्हाला तरीही ओळखतील. आभार मानलेले तुम्हाला आवडत नाहीत हेही मला माहीत आहे. त्या दिवशी मी बोलायला लागले तर तुम्ही "चहा सांग आधी" म्हणून विषयच तोडलात. पण मला बोलायचंच आहे, म्हणून हे सगळ्यांसमोर लिहितेय.

तुम्ही येण्याआधीचे दोन महिने कसे गेले ते तुम्हाला कोणी सांगितलं नसेल. आमचं ते सहा स्पिंडलचं सीएनसी मशीन, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं लेथ, जर्मनीहून सेकंड हॅन्ड आलेलं. ते बसवलं तेव्हा मालकांनी नारळ फोडून चावी माझ्या हातात दिली होती. आयटीआयत टर्नर ट्रेडला आम्ही मोजून तीन मुली होतो. तिघींतली मी एकटीच मशीनवर टिकले. सिंगल स्पिंडलवर चार वर्षं काढल्यावर हे मशीन पाहिलं आणि मी हरखूनच गेले. एका ड्रममध्ये सहा स्पिंडल, प्रत्येकाने धरलेला पितळेचा एक बार, आणि सहाही एकाच वेळी फिरतात. ड्रम साठ अंश वळतो (त्याला इंडेक्स म्हणतात), प्रत्येक बार पुढच्या टूलसमोर जातो. एकीकडे टर्निंग, दुसरीकडे ड्रिल, तिसरीकडे ग्रूव्ह, आणि शेवटच्या ठिकाणी पार्टिंग, म्हणजे तयार तुकडा बारपासून कापून सुटा. त्यामुळे ड्रम वळला की दर वेळी एक तयार जॉब खाली पडतोच. आमची सायकल सहा सेकंदांची, म्हणजे तासाला सहाशे पितळी जॉब. डब्यात पडताना त्यांचा जो आवाज होतो, तो ऐकूनच मशीन खूश आहे की नाही हे मला कळायचं.

आणि मग साइज हलायला लागला. व्यास सहा मिलिमीटर, वर-खाली दहा मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) चालतो, त्याबाहेर गेला की लॉट परत. दोन लॉट परत आले.

सर्व्हिसवाले तीनदा आले. कुठल्या कंपनीचे ते लिहीत नाही, त्यांची नावं घेऊन मला काय मिळणार. पहिल्यांदा आले त्यांनी स्क्रीनवर अलार्म शोधला. अलार्म नव्हता, म्हणून बिघाडही नाही असं ठरलं. दुसऱ्यांदा आले त्यांनी ऑफसेट, म्हणजे टूलच्या जागेची सेटिंग, आठ मायक्रॉनने कमी केला आणि संध्याकाळच्या आत पुण्याच्या रस्त्याला लागले. मी सांगत होते, "सर, सगळे जॉब वाईट येत नाहीत. सहात एक येतो." ते कोणी लिहून घेतलं नाही. तिसऱ्यांदा आलेल्या साहेबांनी तर माझ्या हातातला मायक्रोमीटर काढून घेतला, डब्यातून मूठभर जॉब उचलून स्वतः मोजले आणि मालकांना म्हणाले, "बाई गरम जॉब मोजतात. सोलापूरचा उन्हाळा, त्यात हाताची ऊब. रीडिंग चुकणारच." रिपोर्टवर लिहिलं: ऑपरेटरची हाताळणी.

त्या कागदामुळे मी अकरा दिवस पॅकिंगला बसले. मालक वाईट माणूस नाहीत. पण सही-शिक्क्याचा कागद समोर असला की माणूस समोरच्या माणसाकडे बघत नाही.

घरी आईला सांगितलं नव्हतं, तिलाच कळलं. माझ्या नखात कटिंग ऑइल दिसेना म्हणून कळलं. आई तीस वर्षं विड्या वळतेय. हजार विड्या मोजून दिल्यावर तपासणारा माणूस हव्या तितक्या छाट म्हणून बाजूला काढतो आणि तेवढ्या विड्यांची मजुरी बुडते. का काढल्या हे विचारायची सोय नाही. आई त्या रात्री एवढंच म्हणाली, "तुझ्या पण विड्या छाटल्या म्हणायच्या."

मग मालकांच्या ओळखीतून तुम्ही आलात. तुम्ही पिंपरीकडे कॅमवर चालणाऱ्या जुन्या सहा स्पिंडल ऑटोमॅटिक मशीनवर उभं आयुष्य काढलेले, रिटायर होऊन सोलापूरला परत आलेले. मला वाटलं, आता हे चौथे. तुम्ही पॅनेल उघडलं नाहीत. रिपोर्टची फाइल मालकांनी पुढे केली तर म्हणालात, "राहू द्या. मशीन कोण चालवतं?" मला पॅकिंगमधून बोलावलं. मी आले तर तुम्ही स्वतः उठून दुसरं स्टूल ओढलंत आणि म्हणालात, "बस. तू सांग, काय होतंय?"

मी सांगितलं. सहात एक.

तुम्ही मान डोलावलीत, पिशवीतून तुमचा पांढरा टॉवेल काढलात आणि इन्स्पेक्शन टेबलावर पसरलात. "आता डब्यात पडू द्यायचे नाहीत. एकेक इंडेक्स थांबव, जॉब उचल, पडेल त्या क्रमाने मांड. सहाच्या ओळी कर." मी छत्तीस जॉब मांडले. आडव्या सहा, उभ्या सहा. पितळेचे इवलेसे तुकडे, तेलाने ओले, टॉवेलवर एकेकाखाली पिवळट डाग उमटत होता. दोन महिने आम्ही सगळे डब्यातल्या ढिगाकडे बघत होतो, आणि ढिगात क्रम हरवतो. तुम्ही तो क्रम टॉवेलवर परत आणलात.

आणि मग ते झालं, ज्यासाठी हे पत्र आहे.

तुम्ही मायक्रोमीटर उचललात. मला वाटलं तुम्ही मोजणार. तुम्ही तो पुसलात, शून्य बघितलं आणि माझ्या हातात दिलात. स्वतः कागद-पेन्सिल घेऊन बसलात. "सांग."

मी पहिला आकडा सांगितला. पाच पॉइंट नऊ नऊ नऊ. तुम्ही लिहिलात. दुसरा सांगितला, लिहिलात. चौथा आला सहा पॉइंट शून्य एक चार. मी थांबले. आता तुम्ही हात पुढे कराल, "आण इकडे, बघू" म्हणाल, म्हणून मीच जॉब तुमच्याकडे धरला. तुम्ही वर बघितलंसुद्धा नाहीत. चौदा लिहिलात आणि म्हणालात, "पुढचा."

काका, तुमच्यासाठी ही गोष्ट काहीच नसेल. मी छत्तीस आकडे सांगितले आणि तुम्ही एकही परत मोजला नाहीत. मधे कुठेतरी माझा आवाज बसला, तेव्हा तुम्ही "सावकाश" एवढंच म्हणालात. तेही कागदावरून नजर न काढता. नजर काढली असतीत तर मी रडले असते, हे तुम्हाला कळलं होतं का?

कागद भरला तेव्हा लहान पोरालाही दिसावं इतकं स्पष्ट होतं. पाच उभ्या रांगा दोन-तीन मायक्रॉनच्या आत. चौथी रांग वरपासून खालपर्यंत तेरा, चौदा, पंधरा. मालक तिथेच उभे होते. तुम्ही त्यांना समजावलंत ते मी नंतर वहीत उतरवून ठेवलंय. टूल बिघडलं तर सहाही स्पिंडलचे जॉब बिघडतात, कारण प्रत्येक बार त्याच टूलसमोरून जातो. दर सहावाच बिघडत असेल तर दोष टूलचा नाही, त्या एका स्पिंडलचा. म्हणूनच ऑफसेट कमी केला की चारचा जॉब आत यायचा आणि बाकीचे पाच खालच्या टोकाला जाऊन बसायचे.

मालकांनी हळूच विचारलं, "आणि ते गरम जॉबचं?" तुम्ही त्याच कागदाच्या कोपऱ्यात हिशेब मांडलात. सहा मिलिमीटर पितळ दहा अंशांनी तापलं तर जेमतेम एक मायक्रॉन फुगतं. चौदा मायक्रॉन फुगायला शंभरावर अंश तापायला हवं. "एवढा तापलेला जॉब पोरीनं बोटात धरला असता का?" एवढंच बोललात. त्या साहेबांना एकही शब्द वाकडा बोलला नाहीत. मी असते तर बोलले असते.

मग चार नंबरच्या स्पिंडलला डायल (जरासं हललं तरी काट्याने दाखवणारं गेज) लावून लाकडाच्या दांड्याने हलकेच दाब दिलात. काटा सरकला. बाकी पाचांना तसाच दाब दिलात, काटा जागचा हलला नाही. बेअरिंग सैल झालं होतं. पुढे ते कसं बदललं, त्यात किती दिवस गेले, ते इथे लिहीत नाही, ज्याला हवं त्याने वर्कशॉपला येऊन विचारावं. पण तोवर तुम्ही सुचवलंत, "चारमध्ये बार घालूच नका. पाच पळू द्या." तासाला सहाशेच्या जागी पाचशे निघाले, पण सगळे पास. एवढा साधा उपाय, आणि आम्ही दोन महिने रिजेक्शन वेचत बसलो होतो.

मी तेव्हापासून अशी माणसं हुडकत असते. आईच्या कारखान्यात फार पूर्वी एक तपासनीस होते म्हणे. ते छाट काढलेली विडी त्या बाईच्याच हातात द्यायचे आणि "बघ गं, पटतंय का" म्हणून विचारायचे. मजुरी तेवढीच कापली जायची, पण बायका त्यांचं नाव अजून काढतात. आमच्या गल्लीतला दूधवाला महिन्याचा हिशेब आजीच्या भिंतीवरच्या कोळशाच्या रेघांवरून करायचा, स्वतःची वही उघडायचाच नाही. असे लोक आपल्या सोलापुरात कमी नाहीत. त्यांच्याबद्दल कोणी लिहीत नाही, कारण ते काय करतात ते दिसत नाही. समोरच्याने सांगितलेला आकडा ते लिहून घेतात, बस.

त्याच दुपारी मालकांनी मला मशीनवर परत पाठवलं. जाताना म्हणाले, "माझं चुकलं." दोनच शब्द, पण सगळ्यांसमोर म्हणाले. तेही तुमच्यामुळे.

चार नंबर आता उरलेल्या पाचांसारखाच चालतो. शिफ्ट सुरू झाली की मी सहा जॉब क्रमाने मांडून मोजते, दुपारी परत सहा. तुमचा तो पेन्सिलचा कागद टूलच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलाय. नवीन आलेल्या पोराला मी परवा तोच दाखवला आणि मायक्रोमीटर त्याच्या हातात देऊन स्वतः पेन्सिल घेतली. त्याने एक आकडा घाबरत सांगितला. मी लिहिला.

तुमचा टॉवेल आमच्याकडेच राहिलाय. दोनदा धुतला, तेलाचे डाग पूर्ण गेलेले नाहीत. रविवारी घरी आणून देते. आई म्हणाली, रिकाम्या हाताने द्यायचा नाही, म्हणून तिने शेंगाची चटणी कुटलीय आणि कडक भाकरी बांधल्यात. या वेळी "चहा सांग आधी" म्हणू नका. चहा मीच करते.

तुमची,
दुसऱ्या शिफ्टची पोरगी