कोड येत नसला तरी चालतंय

महोदय,

ऑफिसच्या कामाचं लिब्रेऑफिस, फायरफॉक्स ब्राउझर, व्हिडिओ बघायचं व्हीएलसी ही सॉफ्टवेअर आपण फुकट वापरतो, पण त्यांच्या कामाला हातभार लावायचा तर इंजिनिअरच पाहिजे, असं माझ्या शाहूपुरीतल्या डीटीपीच्या दुकानात येणारी कॉलेजची पोरंही धरून चालतात. मला स्वतःला कोडची एक ओळ येत नाही.

गेल्या लग्नसराईत अशाच एका मुक्त (म्हणजे कोड सगळ्यांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरमधून पत्रिकेची पीडीएफ काढली, तर ‘दुसऱ्या’तला ‘ऱ्या’ फुटलेला. ‘ऱ्’ एकीकडे, ‘या’ दुसरीकडे. शिव्या घालून झाल्यावर सॉफ्टवेअर करणाऱ्यांकडे रीतसर तक्रार नोंदवली. आधी कुणी हेच कळवलंय का, ते पाहिलं. मग आवृत्तीचा क्रमांक, फॉन्टचं नाव, कुठलं बटण दाबल्यावर काय होतं ते क्रमानं लिहिलं आणि एका ओळीची नमुना फाईल जोडली. ‘चालत नाही’ एवढंच लिहिलं की करणाऱ्याला काही कळत नाही, हे गिऱ्हाइकांमुळे मला चांगलंच ठाऊक!

मराठीचं काम तर पडलेलंच आहे. फायरफॉक्सचा अनुवाद पोंटून आणि लिब्रेऑफिसचा वेबलेट या अनुवादाच्या ऑनलाइन साधनावर ब्राउझरमध्येच करता येतो. ‘जतन करा’ बरं की ‘साठवा’, यावर वाद घालायला कोल्हापूरकर कमी पडणार नाहीत. या दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये शब्दतपासणी हनस्पेल या प्रोग्रामची. त्याच्या मराठी यादीत नसलेल्या शब्दाखाली लाल रेघ येते. ‘रंकाळ्यावर’सारखी रूपं यादीत आहेत का ते तपासून कळवणं मराठीच्या विद्यार्थ्यांनाही जमेल. इथल्या महाविद्यालयांनी एखाद्या सत्राच्या प्रकल्पात हे काम धरावं.

– एक डीटीपीवाला, शाहूपुरी, कोल्हापूर