लिंबूटिंबूचं पत्र

ठाणे, रविवार

ती. आई-बाबांना शिरसाष्टांग नमस्कार.

(बाबा, मायना बरोबर आहे ना? सवय मोडलीय.)

काल गोखले रोडला खरेदीला गेले होते. गाडी लावायला जागा मिळेना, म्हणून गावदेवी मैदानाखालच्या पार्किंगमध्ये उतरले. गाडी बंद केली आणि एकदम लक्षात आलं, आपण क्रिकेट खेळायचो ते इथेच, माझ्या डोक्यावर. आई, जी माती धुता धुता तुझे हात भरून यायचे, तिच्या खाली मी हेडलाइट लावून बसले होते!

वर आले. पोरं खेळत होती. एक बारकी मुलगी कडेला उभी होती, तिला कुणी बॉल देईना. मी तशीच, नाही का? लिंबूटिंबू. दोन्हीकडून बॅटिंग, आऊट झालं तरी धरायचं नाही. मला तो मान वाटायचा. एकदा बाबा ऑफिसातून येताना थांबले आणि पोरांना म्हणाले, "तिला आऊट द्या. रडली तर मी बघतो." पहिल्याच बॉलला दांडी उडाली, मी भोकाड पसरलं. पण दुसऱ्या दिवसापासून टीममध्ये घेतलं. आई, हे तुला आम्ही सांगितलंच नव्हतं. तुला दिसला फक्त मळका फ्रॉक.

मग आपली रविवारची फेरी आठवली. तलावपाळी, कोपिनेश्वर, तिथून सेंट्रल मैदान. तिथे बाबांचं ठरलेलं, "तो तुरुंग नव्हे गं, किल्ला आहे." १७३० मध्ये पोर्तुगीजांनी बांधायला घेतला, १७३७ मध्ये चिमाजी अप्पांच्या मोहिमेत मराठ्यांनी जिंकला, १७७४ मध्ये इंग्रजांनी बळकावला. माझी शंका एकच असायची: सिक्स मारून बॉल तुरुंगात गेला, तर कैदी परत देतात का? बाबा, याचं उत्तर तुम्ही अजून दिलेलं नाही.

दादाला फोटो पाठवले. म्हणतो, गावदेवी आक्रसलंय. त्याला हल्ली सगळंच आक्रसलेलं दिसतं, पण या वेळी मलाही खात्री नाही. तुम्ही पावलं टाकून आम्हाला पीच आखून द्यायचात, ती अठरा की वीस? कळवा. पुढच्या रविवारी जाऊन मोजते.

आई, गुडघ्याला तेल लावतेस ना? आगळाची बाटली संपली.

तुमची,
छोटी