हक्कसोडपत्रावरचा अंगठा

रत्नागिरी,
१८ मे

प्रिय सखी,

तुझं पत्र आलं आणि त्या रात्री झोप लागली नाही. माझ्या कादंबरीचं वर्म तू बरोबर पकडलंस: नायिकेचा पुरावाच लंगडा आहे. आंब्याच्या कलमांच्या बागेतला हिस्सा नायिकेच्या आईने सोडला, असं तिचे मामा म्हणतात. १९८६ च्या हक्कसोडपत्रावर सहीच्या जागी 'नि. डा. हा. अं.', म्हणजे 'निशाणी डाव्या हाताचा अंगठा', असं लिहून अंगठा आहे. आईला सही येत होती, तेव्हा हा अंगठा तिचा नव्हेच, असं माझ्या नायिकेचं म्हणणं. पण तिच्याकडे पुरावा काय, तर स्वतःच्या प्रगतिपुस्तकावर 'पालक' म्हणून आईने केलेली सही. तीही १९९४ ची. बाई सही करायला नंतर शिकली, असं म्हणून मामांचा वकील ते उडवून लावील.

आठ दिवस हेच डोक्यात होतं. परवा काजूच्या कारखान्यावरून येत होते, तेवढ्यात बायका सुटल्या. त्यांची बोटं पाहिली आणि जागीच थांबले गो! बी फोडताना टरफलातलं तेल लागून कातडी जळते, सोलते. राख लावली तरी किती वाचणार? वर्षानुवर्षं हे काम केलं की अंगठ्याच्या रेषा पुसट होतात. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून आपल्याकडच्या किती जणी हेलपाटे घालतात!

आता नायिकाही काजू फोडूनच फी भरते. लॉ कॉलेजात सत्तर टक्के हजेरी लागते आणि हजेरीचं यंत्र तिचा अंगठा घेत नाही. पोराला शेजारणीकडे ठेवून धावत आलेली ती यंत्रापुढे बोट पुसत उभी राहते, आणि तिथेच तिला आईचा हात आठवतो. १९८६ साली आई कारखान्यातच होती. मग दस्तावरचा अंगठा एकेक रेघ मोजावी इतका स्वच्छ कसा?

दस्ताची नक्कल तिला आधीच मिळालेली आहे. नोंदणी कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे दुय्यम निबंधकाकडचं, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या अधिकाऱ्याकडचं, पुस्तक क्रमांक १ (जमीनजुमल्याच्या दस्तांचं) कुणालाही फी भरून पाहता येतं. मूळ दस्त मामाच कैफियतीबरोबर, म्हणजे दाव्याला दिलेल्या लेखी उत्तराबरोबर, दाखल करतात. इतक्या वर्षांनी दावा लावायच्या मुदतीचं म्हणशील, तर १९६३ च्या मुदत कायद्याचं कलम १७ आहे: फसवणूक कळल्यापासून मुदत धरतात. ती आधी का कळली नाही, यावर उलटतपासणी चांगली रंगेल.

विद्यार्थिनी कोर्टात कशी बोलेल, असं तू विचारलंस. वकिलीच्या सनदेशिवाय दुसऱ्याची बाजू मांडता येत नाही हे खरं. पण स्वतःच्या दाव्यात वादी म्हणून उभं राहायला सनद लागत नाही. आणि एकटी आई म्हणून तिला सारखं रडवणार नाही, हे मी पक्कं ठरवलंय. तिला वेळ कुठे आहे रडायला?

शेवटचा प्रसंग काल लिहिला. न्यायाधीशांसमोर ती स्वतःचा अंगठा शाईत बुडवून कोऱ्या कागदावर टेकते. कागदावर नुसता काळा डाग उमटतो.

पाऊस लागायच्या आत ये. उरलेली प्रकरणं तुला समोर बसवून वाचून दाखवायची आहेत.

तुझीच,
बालमैत्रीण