चार सेल घालण्याआधी

बेळगाव,
रविवार, रात्री

प्रिय दोस्ता,

रिमोटच्या बोटीत तीनऐवजी चार सेलची बॅटरी घालतोयस हे तुझ्या पत्रात वाचलं आणि जेवण उरकून लगेच लिहायला बसलो. जरा थांब की रे. गेल्या वर्षी खानापूरकडच्या तळ्यावर मी हेच केलं होतं. तिसऱ्याच फेरीला स्पीड कंट्रोलर, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, जळाला. धूर काढत मधोमध थांबलेली बोट पोहत जाऊन आणावी लागली. तो वास अजून नाकातनं जात नाही.

तुझी मोटर २००० केव्हीची, म्हणजे ओझं नसताना दर व्होल्टला मिनिटाला २००० फेरे. तीन सेलचे ११.१ व्होल्ट धरले तर २२,२०० फेरे, चार सेलचे १४.८ धरले तर २९,६००. फेरे एक तृतीयांशानं वाढले, पण तोच पंखा पाण्यात फिरवायला लागणारी ताकद साधारण फेऱ्यांच्या घनानं वाढते, जवळपास २.४ पट. म्हणून सेल वाढवले की पंखा लहान करावाच लागतो. मी तो तसाच ठेवला होता.

आणि तुझी बोट तर तीन सेलवरच नाक आपटत पळतेय. आधी ते बघ. बॅटरी आत ठेवून दोन्ही बाजूंनी हाताचं एकेक बोट लाव आणि उचल. ६० सेंटिमीटरच्या व्ही तळाच्या बोटीचा तोल मागच्या पाटीपासून १८ सेंटिमीटरच्या आसपास यायला हवा. त्याहून मागे असेल तर बॅटरी सेंटिमीटरभर पुढे घे, पळवून बघ, मग पुन्हा घे. एका वेळी एकच गोष्ट बदल, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही. मग तळावर स्टीलची पट्टी उभी धर. मागच्या बाजूला तळ बाहेर फुगलेला असेल तर बोट उड्या मारणारच. शाफ्ट म्हणजे मोटरपासून पंख्यापर्यंतचा दांडा; त्याला मागे धरणारा आधार, म्हणजे स्ट्रट, तळाला समांतर ठेवून सुरुवात कर. पंख्याकडचं टोक किंचित खाली केलं की मागची बाजू उचलली जाते आणि नाक बसतं. अगदी किंचित, हं.

माझ्या बोटीतला खरा दोष मात्र उद्यमबागेत, आमच्या इथल्या कारखान्यांच्या भागात, सापडला. तिथले एक लेथवाले काका फाउंड्रीचे जड जॉब करतात. त्यांनी मोटरचा कपलर, म्हणजे मोटर आणि शाफ्ट जोडणारा तुकडा, वाकडेपणा मोजणाऱ्या डायल गेजखाली फिरवला आणि काटा हलायला लागला. कपलर वाकडा! इतके दिवस माझी बॅटरी शाफ्ट थरथरवण्यात चालली होती. त्यांनी नवा कपलर काढून दिला, पैसे घेतले नाहीत. त्याच तीन सेलवर बोट अशी सुटली की मी काठावर ओरडलोच. फ्लेक्स शाफ्ट, म्हणजे तारांचा लवचिक शाफ्ट, बसवताना स्ट्रट आणि पंख्याच्या पुढचा, पंख्याला फिरवणारा ड्राइव्ह डॉग यांच्यामध्ये दोन-तीन मिलिमीटर जागा सोड. ओझं आलं की शाफ्ट पिळला जाऊन आखूड होतो. ग्रीस दर वेळी नवं.

पंख्याची पाती समतोल करून धार लावशील तेव्हा एक जपायचं. तो बेरिलियम तांब्याचा असेल तर कोरडा घासू नकोस, भुकटी फुप्फुसाला घातक असते. पाण्यात धरून ओल्या पॉलिश पेपरनं घास, मास्क लाव, घरात पोरं असताना नको.

दिवाळीला येतोयस ना? बोट घेऊनच ये. पहाटे वारा पडलेला असतो, तळं काचेसारखं असतं, आणि काकांनाही बोलावतो. बॅटरी तीन सेलचीच आण.

तुझाच,
बेळगावचा दोस्त