खडूने आखलेला वीस फुटी डबा : काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

हे पत्र मुद्दाम सगळ्यांना वाचता येईल असं लिहितो आहोत. नागपुरात एमबीएला ग्लोबल सप्लाय चेन घेणारी पोरं दरवर्षी त्याच त्या चुका करतात, आणि खरं सांगायचं तर त्यातल्या काही चुका शिकवणारे आम्हीच होतो. तुमची हयात बिल्ट्या आणि शिपिंग बिलं हाताळण्यात गेली. निवृत्तीनंतर दर शनिवारी तुम्ही वर्गावर आलात, ते एक पैसाही न घेता. मानधनाचा फॉर्म अजून टेबलावर कोराच पडला आहे.

पहिल्या दिवशी तुम्ही फळ्याकडे पाहिलंही नाही. "पुस्तक मंग काढा, आदी डबा मोजा," म्हणालात आणि बाकं भिंतीला लावायला सांगितलीत. फरशीवर खडूने ५.९० मीटर लांब आणि २.३५ मीटर रुंद चौकट आखली. हा वीस फुटी कंटेनर, आतून. मग रद्दीतले पेपर चिकटवून १२० बाय १०० सेंटिमीटरचे तुकडे कापले. ही पॅलेटं, म्हणजे माल रचून फोर्कलिफ्टने उचलायचे पाट.

आमचं पुस्तकी गणित असं होतं : डब्याचं आतलं आकारमान ३३ घनमीटर, मालासकट २ मीटर उंच पॅलेटचं २.४ घनमीटर, भागाकार केला की १३ पॅलेटं. तुम्ही म्हणालात, ठेवून दाखवा. दोन पॅलेटं आडवी शेजारी ठेवायची तर २.४० मीटर लागतात आणि डबा आहे २.३५चा. पाच सेंटिमीटरनी सगळं अडलं. मग एक रांग आडवी आणि एक उभी लावली, तर एकीत पाच, दुसरीत चार, म्हणजे नऊच बसली. दहावं पॅलेट कसं बसवायचं ते तुम्ही गुडघे टेकून दाखवलंत. चार पॅलेटं फिरकीसारखी मांडायची, प्रत्येक पुढचं मागच्याशी काटकोनात. २.२० मीटरचा चौक तयार होतो आणि मधोमध वीतभर भोक राहतं. असे दोन चौक म्हणजे ४.४० मीटर. त्यापुढे दोन पॅलेटं लांबीच्या दिशेने, १.२० मीटर. एकूण ५.६०. दहा बसली.

याच्या अटीही तुम्हीच सांगितल्यात. फिरकी लावायची तर पॅलेटमध्ये चारही बाजूंनी फोर्कलिफ्टचे काटे शिरले पाहिजेत. दोनच बाजूंनी उघड्या पॅलेटची फिरकी गोदामातच फसते. कडेला १५ आणि दाराशी ३० सेंटिमीटर पोकळी उरते, तिथे हवेच्या पिशव्या किंवा लाकडी आधार घातला नाही तर पहिल्याच करकचून मारलेल्या ब्रेकला माल सरकतो. आणि उंची आतल्या छताची धरायची नाही, दाराची धरायची. आत २.३९ मीटर असले तरी दाराची चौकट २.२८चीच असते, शिवाय काट्यांना उचलायला जागा हवी. त्या दिवसापासून "१३ पॅलेटं" लिहिणाऱ्याला आमच्याकडे शून्य मिळतं. भागाकार बरोबर असला तरी.

लाकडाचा शिक्का आणि वजन या दोन गोष्टी तुम्ही दहा मिनिटांत उरकल्यात, पण त्या विसरता येत नाहीत. निर्यातीच्या लाकडी पॅलेटवर आयएसपीएम १५ (लाकडातून कीड पसरू नये यासाठीचा आंतरराष्ट्रीय नियम) चा शिक्का हवा, म्हणजे उष्णतेची प्रक्रिया केली असेल तर लाकडाच्या गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअस सलग ३० मिनिटं पोचलेलं असावं. शिक्का नसला तर चूक पॅलेटची आणि अडकतो माल. १ जुलै २०१६ पासून डब्याचं पडताळलेलं वजन दिल्याशिवाय तो जहाजावर चढत नाही. नगानगाची बेरीज करून वजन काढणारे पॅलेटचं, आधाराच्या लाकडाचं वजन धरायला विसरतात. डब्याचं रिकामं वजन मात्र शोधावं लागत नाही, दारावरच लिहिलेलं असतं.

एफओबीचा, म्हणजे 'जहाजावर चढवून देऊ' या विक्रीच्या अटीचा, धडा आम्हाला जास्त लागला, कारण आमच्या जुन्या प्रश्नपत्रिकेत "एफओबी नागपूर" असं छापलेलं होतं. तुम्ही ते वाचून एवढंच विचारलंत : "काऊन, फुटाळा तलावावर जहाज येऊन राहिलं का?" वर्ग हसला, आम्ही जरा कमी हसलो. एफओबी ही समुद्रमार्गाची अट आहे. माल ठरलेल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतची जोखीम विकणाऱ्याच्या डोक्यावर राहते. मिहानच्या कंटेनर डेपोत दिलेला डबा रेल्वेने न्हावा शेवा बंदराला जाणार, तिथे यार्डात थांबणार, मग चढणार. या सगळ्या काळात तो आपल्या हातात नसतो, पण आदळला तर नुकसान आपलं. म्हणून डब्याच्या मालाला एफसीए, म्हणजे ठरलेल्या जागी माल वाहतूकदाराच्या हवाली केला की आपली जोखीम संपली, आणि पुढे जागेचं नेमकं नाव : "एफसीए, मिहान कंटेनर डेपो, नागपूर, इन्कोटर्म्स २०२०". इन्कोटर्म्स म्हणजे या अटींचे आंतरराष्ट्रीय नियम. जागा नेमकी का, तर आपल्या कारखान्यातून द्यायचा असेल तर वाहतूकदाराच्या गाडीत चढवून देणं आपलं काम, आणि डेपोत द्यायचा असेल तर आपल्या गाडीतून उतरवणं आपलं काम नाही. एका शब्दाने हमाली फिरते.

मग एफओबी लोक सोडत का नाहीत, याचंही उत्तर तुम्ही दिलंत : बँक. एलसीवर, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेच्या हमीपत्रावर, पैसे हवे तर बँकेला बहुधा "जहाजावर चढवला" अशी नोंद असलेलं बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) लागतं, आणि एफसीएत आपण माल आधीच सोडलेला असतो. २०२० च्या नियमांत यावर वाट आहे. अशी नोंद असलेलं बिल देण्याची सूचना खरेदीदाराने वाहतूकदाराला करावी, असं करारात ठरवता येतं. हे न लिहिता एफसीए घेतली तर माल पोचतो आणि पैसे अडकतात. त्यात एलसीमध्ये वेगळी मुदत नसेल तर माल चढवल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत द्यायचे असतात.

संत्र्यावर तुम्ही घेतलेला तास पोरांच्या विशेष लक्षात आहे. संत्रं म्हणजे ऑरेंज, असं धरून सगळ्यांनी एचएस कोड (कस्टमसाठी मालाच्या वर्गवारीचा आकडा) ०८०५ १० टाकला होता. नागपुरी संत्रं हे मँडरिन, त्याचा कोड ०८०५ २१. सहा आकडे जगभर सारखे आणि पलीकडचं शुल्क त्यांच्या आधारावर ठरतं, त्यामुळे ही चूक खोडरबराने मिटत नाही. रीफर, म्हणजे शीतयंत्र लावलेल्या डब्याबद्दलचं तुमचं वाक्य आम्ही प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर घेतलं आहे : "हा डबा माल गार करत नाही, गार मालाले गार ठेवते." कळमन्याच्या बाजारातून भर दुपारी तापलेलं फळ भरलं तर मशीन कितीही घुरघुरू दे, खोक्यांच्या पोटातली ऊब बाहेर पडायला फार वेळ लागतो. गार हवा फरशीच्या खाचांतून येते आणि वरून परत जाते. दाराशी फरशी उघडी राहिली तर हवा मालातून न जाता तिथूनच निसटते, आणि खोकी भरण्याची हद्द दाखवणाऱ्या लाल रेघेच्या वर गेली तर परतीची वाट बंद.

सगळ्यात मोठं ऋण मात्र राखीव साठ्याच्या गणिताचं आहे. उदाहरण बुटीबोरीतल्या कारखान्याला परदेशातून येणाऱ्या सुट्या भागाचं घेतलंत. रोजचा खप १०० नग, त्यातला चढउतार (प्रमाण विचलन) २०, माल यायला ३६ दिवस. आम्ही २० ला ३६ च्या वर्गमुळाने गुणायचो, म्हणजे १२०, आणि ९५ टक्के खात्रीसाठी १.६५ ने. उत्तर १९८ नग. तुम्ही विचारलंत, ३६ दिवस म्हणजे दरवेळी ३६च का? दिवसांचा चढउतार ६ धरला तर १०० गुणिले ६ म्हणजे ६००. १२० आणि ६०० यांच्या वर्गांची बेरीज, तिचं वर्गमूळ ६१२, गुणिले १.६५ : साठा १,०१० नग. पाचपट. पुढचा आकडा तर वर्गाला पटेचना. खपाचा अंदाज दुप्पट नेमका केला, चढउतार २० वरून १० वर आणला, तर साठा फक्त १५ नगांनी उतरतो. तेच दिवसांचा चढउतार ६ वरून ३ केला की तो ५३३ वर येतो. अंदाजाच्या सॉफ्टवेअरवर खर्च करण्याआधी हे गणित कोणी करतं का, अशी शंका येते.

२०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे जहाजं आफ्रिकेला वळसा घालू लागली, तेव्हा वाढलेले दिवस सगळ्यांनी हिशेबात धरले. त्या दिवसांचा वाढलेला विस्कळीतपणा फारच थोड्यांनी धरला. समृद्धी महामार्गाचंही तसंच. ७०१ किलोमीटरला ताशी ८० चा भागाकार करून पावणेनऊ तास लिहिणाऱ्याला तुम्ही आठवण दिलीत की रस्ता भिवंडीजवळ आमण्याला संपतो, आणि न्हावा शेव्याचं गेट अजून पुढे आहे.

दिवस मोजायचे कसे, तेही तुमच्याकडूनच समजलं. घड्याळ ऑर्डर पाठवली तेव्हा सुरू आणि माल रॅकवर चढला तेव्हा बंद. बंदरात जहाज लागलं म्हणजे माल आला असं नाही. तारखा पुरवठादाराच्या मेलमधून घ्यायच्या नाहीत, बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टमचा कागद) आणि गेटपासवरून घ्यायच्या. उशीर दोन्ही बाजूंना सारखा पसरत नाही, माल लवकर आला तर दोन दिवस आणि उशिरा आला तर वीस. म्हणून सूत्राचं उत्तर मागच्या खऱ्या तारखांवर तपासून पाहायचं. पोरांनी तसा तक्ता केला आहे. एकदा नजरेखालून घाला.

आणि काका, चाळीस फुटी डबा अजून बाकी आहे. तो आतून १२.०३ मीटर भरतो आणि आमचा वर्ग नऊ मीटरचा. व्हरांडा झाडून ठेवतो. पेपरची वीस पॅलेटं कापून तयार आहेत, एकविसावं बसतं की नाही ते तुम्ही येईपर्यंत कोणी सांगणार नाही. येताना पेन आणा, फॉर्मवर सही घ्यायची आहे.

आपले,
पुरवठा साखळी शिकणारे आणि शिकवणारे,
नागपूर