दुसरी किल्ली

चिपळूण, रविवार

चि. मेधास अनेक आशीर्वाद.

परवाच्या फोननंतर दोन रात्री मला नीट झोप लागलेली नाही. पुण्यात तुझे औषधाचे दुकान सुरू होऊन तीन महिने होत आले, तरी शेजारच्या एकाही दुकानदाराचे नाव तुला सांगता आले नाही. आणि तिथल्या व्यापारी संघटनेची सभासद झालीस का, असे विचारले तेव्हा "संघटना म्हणजे वर्गणी आणि सत्यनारायण, मला वेळ नाही" म्हणून तू फोन ठेवलास. मी रागावून लिहीत नाही. दुकानाची दुसरी किल्ली कोणाकडे ठेवली आहेस, एवढेच मला हवे आहे.

तुझ्या बाबांचेही मत एके काळी तुझ्यासारखेच होते. २००५ च्या जुलैत पूर आला तेव्हा आपण कुठल्याच संघटनेत नव्हतो. तू लहान होतीस, तुला आजीकडे ठेवून आम्ही दोघांनीच घमेल्यांनी चिखल उपसला, आणि पंचनामा करणारे आपल्या गल्लीत येऊन गेले हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळले. त्याच दिवाळीत बाबांनी पहिली वर्गणी भरली.

२२ जुलै २०२१ ला आम्ही बाबांच्या तपासणीसाठी साताऱ्यात अडकलो होतो. वाशिष्ठीचे पाणी पहाटेच्या अंधारात बाजारपेठेत शिरले. पुढे फोन बंद पडले, वीज गेली, बहादूरशेख नाक्याजवळचा पूलही खचला. आपल्या दुकानाची दुसरी किल्ली भाईकाकांकडे होती. त्यांनी मुलाला स्वतःच्या दुकानाकडे धाडले आणि कमरेएवढ्या पाण्यातून येऊन आपले शटर उघडले. उधारीच्या चोपड्या आणि बाबांचे चष्म्याचे घर एका पिशवीत बांधून, ती डोक्यावर घेऊन ते वरच्या मजल्यावर चढले. माल सगळा गेला, पण लोकांकडचे येणे त्या चोपड्यांत होते, म्हणून आपण पुन्हा उभे राहिलो. ते चष्म्याचे घर मी अजून कपाटात ठेवले आहे.

पाणी ओसरल्यावर संघटनेने गल्लीवार याद्या केल्या. पंप कोणाकडे आहे, कोणाच्या घरी अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, ठोक व्यापाऱ्यांकडून देण्याची मुदत कोणाला वाढवून हवी आहे, हे सगळे एका वहीत होते. बाहेरगावाहून मदत घेऊन आलेल्या मुलांना आधी कुठल्या घरी जायचे हे त्या वहीमुळेच कळले. पुढे डिसेंबरात नदीतला गाळ काढण्याच्या मागणीसाठी साखळी उपोषण झाले. एरवी एकमेकांचे गिऱ्हाईक पळवणारे दुकानदार तिथे एका सतरंजीवर बसलेले मी पाहिले आहेत.

वालचंद हिराचंदांसारख्या कारखानदारालाही १९२७ साली महाराष्ट्र चेंबर ही व्यापारी-उद्योजकांची संघटना उभी करावीशी वाटली, मग आपल्यासारख्यांनी एकट्याने... पण हे मी व्याख्यान देऊ लागले. माफ कर. तू कर्ज काढून, कोणापुढे हात न पसरता दुकान उभे केलेस, हे मी इथे भेटेल त्याला सांगते. परंतु रात्री दहाला शटर ओढून तू एकटी घरी निघतेस, हे डोळ्यांपुढे आले की तो अभिमान कुठल्या कुठे जातो. एखाद्या रात्री तुला ताप भरला आणि कोणाला तातडीने औषध हवे असले, तर शटर कोण उघडेल?

तू वसतिगृहात असताना दिवाळीला ज्या लाडू-चिवड्याची पाकिटे घेऊन यायचीस, तो पूना मर्चंट्स चेंबरचे व्यापारी ना नफा ना तोटा तत्त्वावर विकतात, हे तूच मला सांगितले होतेस. तीही संघटनाच आहे.

सभासद व्हायचे की नाही ते तू ठरव. त्याबद्दल मी पुन्हा बोलणार नाही. मात्र उद्या दुकान उघडण्याआधी शेजारच्या दुकानात जाऊन, नाव सांगून, पाच मिनिटे बस. एसटीने पार्सल पाठवले आहे, त्यात आमसुले दोन पुड्यांत बांधली आहेत. लहान पुडी त्यांच्यासाठी आहे. बाबांची साखर आता बरी आहे. किल्ली कोणाकडे दिलीस ते कळव.

तुझी,
आई